हुकूमनाम्यापासून मागे वाचत जा

चंदगड तालुक्यातील एका वाचकाचे पत्र या वेळी निवडले आहे. ते कोल्हापुरात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांच्या काकांनी बेळगावच्या एका व्यापाऱ्याला काजू बी दिली, काही रक्कम रोख मिळाली आणि उरलेल्या रकमेचा चेक न वटता परत आला. दाद कुठे मागायची यावर घरात दोन मते पडली, त्यात व्यापाऱ्याच्या पावतीवर 'सर्व वाद बेळगाव न्यायालयाच्या अधिकारात' असे छापलेले निघाले. या प्रसंगातून त्यांना एकाहून अधिक राज्यांना स्पर्श करणारे वाद न्यायालये कशी हाताळतात या विषयाची ओढ लागली. ते लिहितात: "हा विषय परदेशी जाणाऱ्यांचा आहे, तालुक्याच्या कोर्टात त्याचा उपयोग नाही, असे मला सांगण्यात येते. ग्रंथालयातील पुस्तके इंग्लंड-अमेरिकेच्या खटल्यांनी भरलेली आहेत आणि ती वाचून गोंधळ वाढतो. सुरुवात कुठून करावी? परदेशी एलएलएम करणे आवश्यक आहे का? आणि या अभ्यासावर वकिली उभी राहील का?"

तुमच्या पत्रात काकांचा चेक निमित्तापुरता आला आहे, तरी मी उत्तराची सुरुवात तिथूनच करतो, कारण तिथे मुदतीचा प्रश्न आहे. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरण्यासाठी १५ दिवस असतात, आणि ते उलटल्यावर एका महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. फिर्यादीला झालेला उशीर पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र तशी सवलत नाही. चेकची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून नव्याने नोटीस देता येते, आणि तोही मार्ग बंद झाला असेल तर वसुलीचा दिवाणी दावा उरतो, ज्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. चेक परत आल्याची तारीख तुम्ही कळवलेली नाही, म्हणून बँकेचा मेमो घेऊन काकांना आजच एखाद्या वकिलांकडे पाठवा.

आता अभ्यासाविषयी. हा विषय परदेशी जाणाऱ्यांचा आहे हे मत मला मान्य नाही, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा तुमच्याच घरात आहे. चंदगडचा विक्रेता, बेळगावचा खरेदीदार, दोन राज्यांतील दोन बँका आणि पावतीवरची एक छापील ओळ, एवढ्या सामग्रीत या विषयाचे जवळजवळ सगळे मूळ प्रश्न सामावलेले आहेत. कोणत्या न्यायालयाने वाद ऐकायचा, त्याने कोणता कायदा लावायचा, आणि निकाल लागल्यावर त्याची अंमलबजावणी कुठे व कशी होणार, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवूनच विचार करायला शिकणे ही या अभ्यासाची पहिली अट आहे. तुमचा गोंधळ बहुधा असा होतो की इंग्रजी पुस्तके बहुतेक पाने दुसऱ्या प्रश्नावर खर्च करतात, तर आपल्याकडच्या वकिलाला रोज पहिला आणि तिसरा प्रश्न भेटतो.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा आहे की हा विषय शेवटाकडून वाचायला घ्या. हुकूमनामा, म्हणजे दिवाणी दाव्यात न्यायालयाने दिलेला निर्णय, हातात आहे अशी कल्पना करा, प्रतिवादीची मालमत्ता दुसऱ्या राज्यात आहे हे गृहीत धरा, आणि दरखास्त, म्हणजे त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, कुठे दाखल होईल, तिथला प्रतिवादीचा वकील कोणकोणते आक्षेप घेईल, त्यांपैकी कोणते टिकतील याचा शोध घेत मागे मागे या. असे वाचले म्हणजे अधिकारक्षेत्राची कलमे आणि समन्सची बजावणी, जी वर्गात सुटी सुटी शिकवली जाते, ती एका साखळीत बसू लागतात, कारण दाव्याच्या पहिल्या दिवशी राहिलेली त्रुटी दरखास्तीच्या दिवशी उघडी पडते.

काकांचेच उदाहरण घेऊ. समजा चंदगडच्या दिवाणी न्यायालयात दावा झाला आणि रकमेचा हुकूमनामा मिळाला. व्यापाऱ्याचे दुकान, गोदाम आणि बँक खाते बेळगावला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने चौथे पोटकलम घातले गेले आहे आणि त्यानुसार हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाला आपल्या स्थानिक हद्दीबाहेरील व्यक्तीविरुद्ध किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करण्याचा अधिकार त्या कलमाने मिळत नाही. म्हणजे हुकूमनामा बेळगावच्या न्यायालयाकडे पाठवावा लागेल. त्यासोबत आदेश २१ नियम ६ प्रमाणे हुकूमनाम्याची प्रत आणि वसुली किती झाली व किती बाकी आहे याचा दाखला जाईल. बेळगावचे न्यायालय त्या हुकूमनाम्याच्या गुणदोषांत शिरणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१ ने भारताच्या कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल देशभर कायद्यानुसार अंमलबजावणीयोग्य ठरवला आहे, आणि हुकूमनाम्याच्या मागे जायचे नाही हा दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयांचा जुना नियम आहे. हक्क इतका भक्कम असूनही प्रत्यक्षात काय अडते, हे न्यायालयाच्या नाझर विभागात, म्हणजे बजावणी आणि जप्तीचे काम पाहणाऱ्या विभागात, बसल्याशिवाय कळत नाही: पाठवलेला दाखला अपुरा निघतो, मराठी कागदांचे भाषांतर जोडलेले नसते, मिळकतीचे वर्णन तिथल्या नोंदींशी जुळत नाही. परराज्यात समन्स पाठवतानाही, त्याची भाषा तिथल्या न्यायालयाच्या भाषेहून वेगळी असेल तर भाषांतर जोडण्याची तरतूद संहितेच्या कलम २८ मध्ये आहे. तुम्हाला मराठीबरोबर कन्नड वाचता येत असेल तर या विषयाच्या अभ्यासकांपैकी फार थोड्यांजवळ असलेले साधन तुमच्या हाती आहे, त्याला कमी लेखू नका.

आता मागे या. हुकूमनामा पाठवण्याआधी चंदगडच्या न्यायालयाला दावा ऐकण्याचा अधिकार होता का? कलम २० प्रमाणे प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, अथवा दाव्याचे कारण जिथे पूर्णतः किंवा अंशतः घडले तिथे दावा करता येतो. माल कुठे ताब्यात दिला, सौदा कुठे ठरला, पैसे कुठे द्यायचे होते, या तीन गोष्टींचा पुरावा काकांजवळ काय आहे यावर उत्तर अवलंबून राहील. प्रतिवादीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप पहिल्याच संधीला, मुद्दे काढण्यापूर्वी घेतला नाही, तर स्थानिक हद्दीचा तो आक्षेप अपिलात सहसा ऐकला जात नाही, कारण कलम २१ त्यासाठी न्यायाची हानी झाल्याचेही दाखवायला लावते. विद्यार्थी हे कलम घाईने ओलांडून जातात. प्रतिवादीची कैफियत वाचताना मात्र ते सतत हाताशी असावे लागते.

पावतीवरच्या ओळीचा प्रश्न अधिक रसाळ आहे. १९७१ साली हाकम सिंग विरुद्ध गॅमन या खटल्यात काम वाराणसीचे होते आणि करारात मुंबईच्या न्यायालयाचे नाव होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन न्यायालयांना मुळातच अधिकार असेल तर पक्षकार त्यांपैकी एक निवडू शकतात, परंतु ज्याला कायद्याने अधिकार नाही त्याला ते करारानेही देऊ शकत नाहीत. १९८९ च्या ए. बी. सी. लॅमिनार्ट प्रकरणात 'फक्त' किंवा 'केवळ' असा शब्द कलमात नसेल तर काय, याची चर्चा आली, आणि २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस प्रकरणात न्यायालयाने म्हटले की असा शब्द नसला तरी एका न्यायालयाचे नाव घेण्यामागचा हेतू बाकीची वगळण्याचा असू शकतो. हे तीन निकाल क्रमाने वाचा आणि मग काकांच्या पावतीकडे पाहा. त्या निकालांत दोन्ही बाजूंनी मान्य केलेला करार होता. इथे माल देऊन झाल्यावर एका बाजूने आपल्या छापील पुस्तकातील पावती फाडून दिली आहे. त्या ओळीला काकांची संमती होती असे म्हणता येईल का, आधीच्या व्यवहारांत तशाच पावत्या त्यांनी मुकाट घेतल्या असतील तर उत्तर बदलेल का, हा तुमचा पहिला लेखी स्वाध्याय समजा. दोन्ही बाजूंनी लिहा, आणि व्यापाऱ्याची बाजू आधी लिहा.

चेकच्या फिर्यादीचा इतिहास तर या विषयाचा उत्तम धडा आहे. १९९९ च्या भास्करन निकालाने चेक देणे, तो भरणे, तो परत येणे, नोटीस देणे आणि पैसे न देणे या पाच कृतींपैकी कोणतीही जिथे घडली तिथे फिर्याद चालेल असे ठरवले. त्याचा परिणाम असा झाला की मोठ्या कंपन्या सोयीच्या शहरातून नोटीस पाठवून दूरच्या छोट्या कर्जदाराला तिथे खेचू लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने लंबक दुसऱ्या टोकाला गेला: चेक ज्या शाखेवर काढलेला आहे आणि जिथे तो नाकारला गेला, फक्त तिथेच फिर्याद. यामुळे ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यावर आरोपीच्या गावी जाण्याची पाळी आली आणि देशभर फिर्यादी परत दिल्या गेल्या. शेवटी २०१५ मध्ये संसदेने पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४२ मध्ये दुरुस्ती केली आणि खात्यात जमा करण्यासाठी भरलेल्या चेकच्या बाबतीत, पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयाला अधिकार दिला. काकांचे खाते चंदगडच्या शाखेत असेल तर फिर्याद तिथल्या हद्दीत होईल. आरोपी मात्र परजिल्ह्यातला असल्यामुळे समन्स काढण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना चौकशी करावी लागते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२५ मध्ये आहे.

या तीन टप्प्यांत कायद्याचा शब्दार्थ जितका बदलला त्याहून महत्त्वाचा आहे तो त्यामागचा प्रश्न: दूरच्या कोर्टात जाण्याचा खर्च कोणी सोसायचा? हाच प्रश्न इतरत्रही शोधा. मोटार वाहन अधिनियमाने अपघात परराज्यात झाला तरी भरपाईचा दावा दावेदार राहतो तिथे करू दिला आहे. हिंदू विवाह अधिनियमात २००३ मध्ये पत्नीच्या निवासस्थानाचे न्यायालय जोडले गेले. छळामुळे माहेरी परतलेल्या स्त्रीला तिने आसरा घेतलेल्या ठिकाणीही फौजदारी तक्रार करता येऊ शकते, असे २०१९ च्या रूपाली देवी निकालाने सांगितले. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने तक्रारदाराच्या राहत्या जागेचा आयोग मान्य केला. या तरतुदी वेगवेगळ्या विषयांच्या पुस्तकांत विखुरलेल्या असल्यामुळे त्यांच्यातील दिशा सहज दिसत नाही, पण ती आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे. प्रवासाचा, राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च ज्याला परवडत नाही त्याचा हक्क कागदावर राहतो, आणि हे जाणणारा वकील अधिकारक्षेत्राच्या युक्तिवादाला निव्वळ तांत्रिक समजत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कोणता कायदा लावायचा याकडे, आपण आता येतो. अमेरिकेत करार, अपघात, विवाह यांविषयी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, त्यामुळे तिथल्या ग्रंथांत हा प्रश्न सर्वत्र पसरलेला आहे. १९६३ च्या बॅबकॉक विरुद्ध जॅक्सन या प्रसिद्ध खटल्यात न्यूयॉर्कचे रहिवासी मोटारीने कॅनडातील ऑन्टॅरिओत गेले आणि तिथे अपघात झाला. ऑन्टॅरिओच्या कायद्याप्रमाणे फुकट नेलेल्या प्रवाशाला चालकाकडून भरपाई मिळत नव्हती. अपघाताच्या जागेचाच कायदा लागतो हा जुना नियम बाजूला ठेवून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, या वादाशी अधिक जवळचा संबंध कोणत्या प्रदेशाचा आहे असे विचारले आणि न्यूयॉर्कचा कायदा लावला. तो निकाल अवश्य वाचा, परंतु वाचताना लक्षात ठेवा की आपल्याकडे करार अधिनियम १८७२ चंदगडला आणि बेळगावला सारखाच आहे. म्हणून काकांच्या वादात दुसरा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, आणि अमेरिकन पद्धतीचे तर्क तिथे लादले तर व्यर्थ शीण होतो.

परंतु आपल्याकडे तो प्रश्न मुळीच नाही असे समजू नका. तुमच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर गोवा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे मुक्तीनंतरही १९६२ च्या केंद्रीय अधिनियमाने चालू राहिली, आणि त्या संहितेप्रमाणे अपत्ये असताना माणसाला आपल्या अर्ध्या मालमत्तेचीच मृत्युपत्राने मनाजोगी वाट लावता येते. उरलेला अर्धा भाग सक्तीच्या वारसांचा असतो. तीन मुली असलेल्या एका गोमंतकीय गृहस्थाने मुंबईतील स्थावर मालमत्ता मृत्युपत्राने एकाच मुलीला दिली. मुंबईतील मिळकतीला भारतीय वारसा अधिनियम १९२५ लावला तर मृत्युपत्र पूर्ण चालते. गोव्याची संहिता लावली तर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जोस पाउलो कुटिन्हो या प्रकरणात निकाल दिला की गोमंतकीयाची मालमत्ता भारतात गोव्याबाहेर कुठेही असली तरी तिचा वारसा पोर्तुगीज संहितेप्रमाणेच ठरेल. स्थावर मिळकतीला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो, या आंतरराष्ट्रीय खाजगी कायद्याच्या नियमाचा आधार तिथे घेतला गेला होता. न्यायालयाने तो नाकारला, कारण संसदेच्या कायद्याने चालू ठेवलेली संहिता हा भारताचाच कायदा आहे, परदेशी नव्हे. या निकालाच्या आधीच गोव्याने वारसाविषयक तरतुदींसाठी २०१२ चा स्वतंत्र अधिनियम केला होता, तोही सोबत वाचा.

तुम्हाला संशोधनाचा विषय हवा असेल तर तो याच निकालाच्या पोटात आहे. 'गोव्याचा अधिवासी', म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर गोव्यात असलेला, कोणाला म्हणायचे? १९५५ च्या डी. पी. जोशी निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिगत कायदा प्रदेशानुसार भिन्न असू शकतो म्हणून प्रादेशिक अधिवासाची कल्पना मान्य करण्याजोगी मानली होती, तर १९८४ च्या प्रदीप जैन निकालात संपूर्ण भारताचा एकच अधिवास आहे, राज्यापुरता वेगळा अधिवास नाही, असे ठाम प्रतिपादन आले. हे दोन्ही वाद वैद्यकीय महाविद्यालयांसंबंधीचे होते, वारसाचे नव्हते. मग दोन पिढ्या गिरगावात राहिलेल्या, मतदारयादीत मुंबईत असलेल्या आणि गोव्यातील बार्देशात वडिलोपार्जित घर असलेल्या कुटुंबाच्या गिरगावातील खोलीचा वारसा कोणत्या कायद्याने ठरणार? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून कुठे मिळालेले नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे अधिकारक्षेत्र महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींवर असल्यामुळे ते देण्याची वेळ त्याच्यावर कधी ना कधी येईल असे मला वाटते.

याच्या जोडीला, कायद्याची सीमा राज्याच्या सीमेशी जुळतेच असे नाही हेही पाहून ठेवा. कुळवहिवाटीचा कायदा पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या वारशाने आलेला १९५० चा आणि विदर्भात १९५८ चा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ ने प्रदेश हलले तरी तिथे चालू असलेले कायदे बदल होईपर्यंत कायम ठेवले. बेळगाव त्यापूर्वी मुंबई राज्यात होते, म्हणून तुमच्या भागातील जुन्या जमिनीच्या कागदांत हे कलम तुम्हाला भेटेल. मात्र महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा अनुच्छेद १३१ खालचा, राज्य विरुद्ध राज्य असा आहे. तो घटनात्मक कायद्याचा वेगळा प्रांत आहे. तुमच्या भागात ही गल्लत सहज होते, म्हणून नमूद केले.

शेवटाकडून वाचण्याची सवय लावण्यासाठी दोन जुने निकाल एकत्र वाचा. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये अलाहाबादच्या रहिवाशांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा दिला. राज्यघटना आल्यावर तो अलाहाबादला अंमलबजावणीसाठी गेला, तेव्हा १९६२ मध्ये मोलोजी नरसिंगराव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तो दिला गेला त्या वेळी परकीय निकाल होता, प्रतिवादींनी ग्वाल्हेरचा अधिकार मानलेला नव्हता, आणि नंतर दोन्ही प्रदेश एका देशात आले म्हणून तो सजीव होत नाही. उलट, गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना मुंबईच्या न्यायालयाने दिलेला हुकूमनामा मुक्तीनंतर पणजीत बजावता येतो, असे १९७६ च्या नार्वेकर प्रकरणात ठरले. हे दोन निष्कर्ष वेगळे का आले हे स्वतः शोधा. प्रतिवादींचे वर्तन, हुकूमनाम्याची तारीख आणि दिवाणी प्रक्रिया संहिता त्या त्या प्रदेशात कधी लागू झाली, या तीन गोष्टींचा तक्ता करा. एवढे जमले की संहितेचे कलम १३, ज्यात परकीय निकाल निर्णायक न ठरण्याची सहा कारणे आहेत, ते पाठ करावे लागणार नाही.

परदेशाशी संबंधित भाग यानंतर घ्या. अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या घटस्फोटांसाठी १९९१ चा नरसिंह राव निकाल पायाभूत आहे: भारतात झालेल्या हिंदू विवाहाचा मिसुरीतील न्यायालयाने दिलेला घटस्फोट इथे मान्य झाला नाही, कारण तो विवाहाला लागू असलेल्या कायद्याच्या आधारावर नव्हता आणि पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वीकारलेला नव्हता. रकमेच्या निकालांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४अ वाचा. संयुक्त अरब अमिरातींना १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने परस्पर-मान्यताप्राप्त प्रदेश ठरवल्यामुळे दुबईतील न्यायालयाचा रकमेचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीला येऊ शकतो. अमेरिकेचा येत नाही, त्यावर इथे नवा दावा लावावा लागतो. दुबईला नोकरी करून परतलेल्यांची संख्या आपल्याकडे पाहता याचे महत्त्व तुमच्या ध्यानात येईल.

परदेशी एलएलएमबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आत्ता नको. वकिलीची किमान तीन-चार वर्षे दिवाणी न्यायालयात काढल्यावर, स्वतःचा प्रश्न हातात घेऊन गेलात तर त्या शिक्षणाचा मोबदला मिळेल. प्रश्नाशिवाय गेलात तर कर्ज घेऊन इतरांचे प्रश्न शिकून याल. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत, त्यांच्या एलएलएमची चौकशी आधी करा. हेग येथील आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकादमीत उन्हाळी अभ्यासक्रम चालतात आणि त्यांत या विषयाचा स्वतंत्र भाग असतो. काही शिष्यवृत्त्याही मिळतात, म्हणून ती वाट पुढे मोकळी ठेवा. निकाल वाचण्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णय ई-एससीआरवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि काहींची मराठी भाषांतरेही तिथे आहेत, तरी भाषांतर मूळ इंग्रजीसमोर ठेवूनच वाचावे.

वकिली उभी राहील का, या प्रश्नाला मी होय म्हणतो, पण 'आंतरराज्य वादांचे तज्ज्ञ' अशी पाटी लावून नव्हे. सीमाभागातील प्रत्येक तालुक्यात असे काम साचलेले आहे: कर्नाटकातील साखर कारखान्यांनी महाराष्ट्रातील ऊसतोड मुकादमांना दिलेली आणि न फिटलेली उचल, घाटातील अपघातांचे भरपाईचे दावे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला वर्ग करण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात जाणारे, विशेषतः पत्नींचे, अर्ज. हे काम बहुतेक वेळा अर्धवट राहते, कारण एका गावचा वकील दाव्यापाशी थांबतो आणि दुसऱ्या गावच्या वकिलाला मूळ कागद समजत नाहीत. दोन्ही टोके सांभाळू शकणाऱ्या माणसाची उणीव मोठी आहे.

परीक्षा संपल्यावर पुढीलप्रमाणे करा. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या न्यायालयात दिवाणी काम करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बसण्याची परवानगी मागा आणि परराज्यातून आलेल्या किंवा परराज्यात पाठवलेल्या दरखास्तींचे रोजनामे, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदी, त्यांच्या अनुमतीने वाचा. प्रत्येकाची एक वही ठेवा: हुकूमनामा कधीचा, दाखला कधी निघाला, कधी पोहोचला, पहिला आक्षेप कोणता, किती तारखा कशामुळे तहकूब झाल्या, अखेरीस किती रक्कम हाती आली. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याच्या क्रमांकावरून तारखा पडताळता येतात. पक्षकारांची नावे वहीत लिहू नका. वीस-पंचवीस दरखास्ती अशा वाचून झाल्या, की वही घेऊन एकदा बेळगावच्या न्यायालयात जा आणि तिथे पोहोचलेल्या चंदगडच्या हुकूमनाम्यांचे पुढे काय झाले ते त्याच रकान्यांत भरून आणा.